भजनी मंडळाचं लाइव्ह रेकॉर्डिंग करायचंय, पहिला माइक कोणता घेऊ?

महालातला | १० मे, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढून राहिलो, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या आजोबांचं तुकडोजी महाराजांच्या भजनांचं मंडळ आहे. नागपूरच्या महाल भागात घराजवळच्या देवळाच्या सभामंडपात दर गुरुवारी बसतात, आठ-दहा जण. दोन खंजिऱ्या, ढोलक, पेटी, टाळ, आणि पुढे आजोबा. आजोबा ऐंशीच्या पुढे गेले, आवाज अजून खणखणीत आहे पण आता दम लागतो, म्हणून म्हटलं हे सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवावं. दोन वर्षांपासून फोनवर करून राहिलो आणि दरवेळी तेच रडगाणं, आजोबा एकटे गातात तोवर छान, खंजिरीची पहिली थाप पडली की सगळा आवाज एकदम बसतो, मग हळूहळू वर येतो, परत थाप, परत बसला. आणि टाळ तर पत्र्यावर गारा पडून राहिल्या असे ऐकू येतात.

बजेट २५ हजार, ओढूनताणून ३०. व्हिडिओ पाहून पाहून डोकं आउट झालं, एक म्हणतो कंडेन्सरच घे, दुसरा म्हणतो कंडेन्सर घेशील तर शेजारच्या घरच्या कुकरची शिट्टी पण येईल, डायनॅमिक घे, तिसरा लांब नळीचा शॉटगन माइक दाखवून राहिला. मला मिक्सर वगैरे काही येत नाही, लॅपटॉप आहे. सभामंडपाची फरशी संगमरवरी, वर टिन, आणि सध्या दोन कूलर चालू. सांगा काय घेऊ.

तर्रीपोहे | १० मे, रात्री ११:४०

खुर्ची टाकून बसलो. सासऱ्यांचं कीर्तन असंच करायचं राहिलंय. एक मात्र सांगतो, तो आवाज बसतो ना, तो फोन स्वतःच लेव्हल कमीजास्त करत असतो म्हणून. काही रेकॉर्डिंग अॅपमध्ये ते ऑटो बंद करता येतं. आधी ते करून बघ, फुकटात आहे.

खर्ज | ११ मे, सकाळी ७:०५

माइकचं नंतर बोलू. फोन कुठे ठेवतोस?

महालातला | ११ मे, सकाळी ९:२०

पेटीवर. आजोबा पेटीच्या मागेच बसतात ना, म्हणून.

खर्ज | ११ मे, सकाळी ९:५१

वाटलंच.

पेटीवर ठेवलेला फोन पेटीच्या लाकडातून ऐकतो. भात्याची धपधप, पट्ट्यांची टकटक, बोट उचललं की खटका, हे सगळं हवेतून नाही तर थेट अंगातून जातं त्याच्यात. वर खंजिरीवाले कुठे बसतात? बहुतेक पेटीच्या दोन्ही बाजूंना, हातभर अंतरावर. म्हणजे खंजिरी फोनच्या कानाशी आणि आजोबा तिच्याहून लांब. ह्या जागी तू लाखाचा माइक ठेवलास तरी तो हेच ऐकवेल, फक्त जास्त स्वच्छ.

एक काम कर. येत्या गुरुवारी काहीच रेकॉर्ड करू नको. भजन रंगात आलं की समोर जा, एका कानात बोट घाल, डोळे मिट, दुसरा कान मंडळाकडे कर आणि हळूहळू मागेपुढे सरक. दोन्ही कानांनी ऐकतो तेव्हा मेंदू खोलीचा घुमारा आपोआप बाजूला सारतो, आपल्याला कळतही नाही. माइकला मेंदू नसतो. एका कानाने ऐकलंस की खोली किती मध्ये मध्ये बोलते ते समजतं. जिथे आजोबांचा शब्दन् शब्द कळतो आणि खंजिरी अंगावर धावून येत नाही, तिथे खडूने फुली मार. उंची पण बदलून बघ, बसून, उभं राहून, स्टुलावर चढून. लोक हसतील, हसू दे.

हिशेब साधा आहे, अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने पडतो, पण घुमारा खोलीभर जवळपास सारखाच असतो. म्हणून प्रत्येक खोलीत एक सीमा असते, तिच्या पलीकडे गेलास की विहिरीतून आल्यासारखं वाटतं. तुझ्या संगमरवर आणि टिनाच्या खोलीत ती सीमा फार लांब नसणार. सतरंज्या आणि माणसं जितकी जास्त तितकी बरी.

साउंडवाला_भौ | ११ मे, दुपारी २:१७

राजेहो, काहून त्या पोराले कानात बोटं घालाले लावता. २२ वर्षांपासून साउंड करून राहिलो, लग्न, गणपती, जयंती, सारं. माइक लांब ठेवला की आवाज लांबचा येते, संपला विषय. शुअर कंपनीचे दोन एसएम५८ घे, दोन एसएम५७ घे, आजोबाच्या तोंडाशी ५८, पेटीले ५७, ढोलकले ५७, उरलेला ५८ कोरसले, एक छोटा मिक्सर घे, झालं. पडला तरी मरत नाही, ओला झाला तरी मरत नाही, कंडेन्सर बिंडेन्सर मंडपात आणला की कोणीतरी चायचा कप त्याच्यावरच सांडते.

अन् ५८ घेशील तं डोळे उघडे ठेवून घे भाऊ. मी एकदा एका दुकानातून दोन आणले, डब्बा, पाऊच, कागद, सारं बरोबर. गावंडळ आवाज. मले वाटे मिक्सर खराब आहे. मंग एक दिवस शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला. खरा ५८ भरते २९८ ग्रॅम, तो भरला २४० च्या आतबाहेर. किराणावाला म्हणे काय तोलून राहिले, मी म्हटलं माझी अक्कल. तव्हापासून काटा घेऊनच जातो.

खर्ज | ११ मे, संध्याकाळी ६:३०

भौ, काट्याची गोष्ट जबरी. आणि तुमच्या मंडपासाठी तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर आहे, तिथे स्पीकर चालू असतात, माइक लांब गेला की शिट्टी. पण ह्याच्याकडे स्पीकरच नाहीत हो. हे लोक आपसात ऐकत गातात, कुणी किती जोरात वाजवायचं ते चाळीस वर्षांपासून आपोआप ठरलेलं आहे. ते तोललेलं बॅलन्स तोडून चार माइकांत वाटायचं आणि मग लॅपटॉपवर परत जोडत बसायचं, ते पण ज्याला मिक्सर येत नाही त्यानं?

शिवाय जवळ जवळ बसलेल्या माणसांत चार माइक म्हणजे प्रत्येक आवाज चारही माइकांत थोड्या थोड्या उशिराने जाणार. ३४ सेंटिमीटरचा फरक पडला की आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि ते दोन माइक सारख्या लेव्हलला मिसळले की ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, मग १५०० ला, मग २५०० ला, कंगव्याच्या दातांसारखा. ऐकायला कसं येतं, तर नाकात पाणी गेल्यासारखं. त्यासाठीच तो तीनास एकचा नियम, माइक आपल्या वाद्यापासून एक फूट असेल तर दुसरा माइक किमान तीन फूट लांब हवा. हे लोक गुडघ्याला गुडघा लावून बसतात, कुठून आणणार तीन फूट.

ता. क. त्या ५७-५८ मधलं एसएम म्हणजे स्टुडिओ माइक्रोफोन. ५७ आला १९६५ मध्ये, ५८ त्याच्या पुढच्या वर्षी. नाव स्टुडिओचं आणि जन्म गेला मंडपात.

साउंडवाला_भौ | ११ मे, संध्याकाळी ७:०२

आमचाबी गेला.

अनुस्वार | १२ मे, दुपारी १२:४४

मी बालनाट्य आणि शाळेच्या गॅदरिंगचं रेकॉर्डिंग करते, हौस म्हणून सुरू केलं होतं, आता गळ्यात पडलंय. महालातला, तुझ्यासारख्यानं सुरुवातीला सुटे माइक घेऊच नयेत असं माझं मत. असा हातातला रेकॉर्डर घे ज्याच्या डोक्यावर दोन माइक आधीच बसवलेले असतात आणि खाली दोन एक्सएलआर इनपुट (सुट्या माइकांच्या तीन पिनांच्या वायरीसाठी) असतात, झूम कंपनीचा एच४एन प्रो घे, नाहीतर नवीन एच४एसेन्शियल, टास्कॅमचे पण येतात. आज अंगचे माइक वापर, उद्या पैसे आले की खाली चांगली जोडी लाव, रेकॉर्डर वाया जात नाही. एच१एसेन्शियल स्वस्त आहे पण त्याला एक्सएलआर नाही, पुढे अडशील.

नव्या एसेन्शियलमध्ये ३२-बिट फ्लोट आहे, म्हणजे गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते) लावायची भानगडच नाही, हळू आलं तरी नंतर वाढवता येतं, जोरात आलं तरी फाटत नाही. जुन्या २४-बिटवाल्यात गेन हाताने लावावा लागतो, पण त्याचं एवढं भ्या नको, सगळ्यात जोराची थाप लेव्हल मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास येऊ दे, बास. लोक घाबरून मीटर शून्याला चिकटवतात आणि मग नेमक्या शेवटच्या गजरात, जिथे सगळे पेटलेले असतात, तिथेच फाटतं. ऑटो लेव्हल मात्र आल्या आल्या बंद कर, नाहीतर तुझा फोनच परत विकत घेतल्यासारखं होईल.

आणि कोणी म्हणेल साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घे, सोपं पडतं, तर सावध. मी एका गॅदरिंगला तशी लाइन घेतली होती, घरी येऊन ऐकते तर मुलांची गाणी स्वच्छ आणि ढोलकी गायब. गायब म्हणजे अगदी, कोणीतरी पुसून काढल्यासारखी. का, तर हॉल छोटा, ढोलकी तशीच सगळ्यांना ऐकू जात होती म्हणून साउंडवाल्यानं तिला माइकच दिला नव्हता! त्याचं काहीच चुकलं नाही, मिक्सरमध्ये फक्त तेवढंच असतं जे स्पीकरला कमी पडतं. तेव्हापासून मी मिक्सरची लाइन आणि हॉलमधली जोडी दोन्ही घेते. त्यात पण गंमत, जोडी १० मीटर मागे असेल तर आवाज तिथे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणून सुरुवातीला स्टेजवर एक टाळी वाजवायला लावायची आणि घरी दोन्हीकडची टाळी जुळवायची.

महालातला | १२ मे, रात्री १०:१५

अनुस्वार ताई, खर्ज दादा, भौ, सगळ्यांचे आभार, दोनदा वाचून काढलं. पण कूलरचं काय? तिथेच अडलो मी. कंडेन्सर लांबचं ओढतो म्हणतात तर कूलर पण ओढणारच ना? शॉटगन घेतली तर फक्त आजोबा येतील का? कूलर बंद करा म्हटलं तर मंडळ माझाच कार्यक्रम करेल, ४४ डिग्री आहे बाहेर.

खर्ज | १३ मे, सकाळी ६:४०

ओढतो हा शब्द ज्यानं काढला त्याला शोधून काढलं पाहिजे. माइक काहीच ओढत नाही, त्याच्यापर्यंत जे पोचतं तेवढंच देतो. डायनॅमिकचं आउटपुट कमी असतं म्हणून गाणारा त्याला तोंडाशी धरतो, तोंड दोन इंचांवर आणि कूलर पंधरा फुटांवर, म्हणून कूलर ऐकू येत नाही. तोच ५८ सहा फुटांवर ठेवून बघ, आवाज यावा म्हणून गेन चढवत जाशील, कूलर तर येईलच, वरून प्रीअँपची (माइकचा आवाज वाढवणाऱ्या सर्किटची) सळसळ. सहा फुटांवर काम करायचं तर कंडेन्सरच बरा, त्याला ४८ व्होल्ट फँटम (वायरीतूनच माइकला दिलेली वीज) लागतं, ते रेकॉर्डर देतो, फक्त सेल भराभर खातो, एक जास्तीचा सेट खिशात ठेव.

कूलर कमी करायचा तर दिशेचा उपयोग कर. साधा कार्डिऑइड माइक बरोब्बर पाठीमागे सगळ्यात बहिरा असतो, म्हणून कूलर त्याच्या पाठीशी आण. सुपरकार्डिऑइड घेतलास तर पाठीशी आणू नको, तो पाठीमागून थोडं ऐकतो, त्याच्या बहिऱ्या जागा मागच्या दोन बाजूंना साधारण १२६ अंशांवर असतात. हे माहीत नसल्यानं लोक चांगला माइक घेऊन मॉनिटर (गाणाऱ्याच्या समोरचा स्पीकर) चुकीच्या जागी ठेवतात आणि मग माइकला शिव्या देतात. तुझ्या खोलीत मात्र भिंतींवरून आपटून कूलर सगळीकडूनच येणार, म्हणून चमत्काराची आशा ठेवू नको. ८० हर्ट्झचा लो कट (त्याखालचे जाडे आवाज कापतो तो) चालू कर, घरघर कमी होईल, हवेचा सूं तसाच राहील. हवेचा झोत माइकवर येऊ देऊ नको, आणि कूलरची ओल कंडेन्सरला मानवत नाही, कडकड करायला लागतो, काम झालं की डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव.

शॉटगन बंद खोलीत नको. ती लांब नळी उघड्यावर कामाची, घुमणाऱ्या खोलीत भिंतींवरचे आवाज तिच्या बाजूच्या फटींतून जातात आणि सगळं फाटक्या डब्यातून आल्यासारखं होतं. घुमारा कमी करायला लोक ती घेतात आणि नेमकं उलटं होतं.

पुढे जोडी घेशील तेव्हा छोट्या डायफ्रामची (आतल्या पडद्याची), एकाच जातीची दोन घे, बेहरिंगरची सी-२ स्वस्त आहे, रोडची एम५ तिच्या वरची. (रोड म्हणजे कंपनी, वर्धा रोड नव्हे.) बारीक मंद संगीताला स्वस्त माइकांची स्वतःची सळसळ खटकते, पण दोन खंजिऱ्या चालू असताना कोणाला काय ऐकू येणार. एका दांडीवर लावायची, दोघांची तोंडं बाहेरच्या बाजूला, मध्ये ११० अंशांचा कोन आणि १७ सेंटिमीटर अंतर. ही फ्रेंच रेडिओवाल्यांची पद्धत, तिला ओआरटीएफ म्हणतात. अंतर मोजायला शाळेतली पट्टी पुरते.

तर्रीपोहे | १३ मे, सकाळी ८:५८

वाचनखूण साठवली. कूलरवर एकच उपाय, पहाटे पाचला भजन.

साउंडवाला_भौ | १३ मे, सकाळी ९:३०

पहाटे पाचले चिमण्या राहते. त्याहिले कोणता नियम सांगता बे.

महालातला | २८ जून, रात्री ११:३०

मंडळी, उशीर झाला, पण रिपोर्ट देऊन राहिलो.

कानात बोट घालून फिरलो. आजोबांनी भजन मध्येच थांबवून विचारलं, कानाले का झालं रे? सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, मग स्टुलावर नीट चढ, पडशील. फुली पडली आजोबांच्या समोर साधारण सहा-सात फुटांवर, आणि उंची म्हणाल तर मी स्टुलावर उभा राहिलो तेवढी. खाली बसून ऐकलं की पुढच्या खंजिरीच्या आडून आजोबा यायचे, वरून ऐकलं की दोन्ही वेगळे. हे मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं.

सेकंडहँड एच४एन प्रो मिळाला, एक उंच स्टँड घेतला, स्टँडखाली घोंगडी दुमडून घातली कारण फरशीवर टाळ ठेवला तरी ठक्क यायचं. सुटे माइक नाही घेतले अजून, अंगच्याच एक्सवायवर (डोक्यावरचे ते दोन माइक, एकमेकांना कोन करून) काम चालू आहे, ते ९० अंशांवर ठेवलेत, १२० वर फिरवले तर मधले आजोबा जरा पोकळ वाटत होते.

खरी भानगड माइकची नव्हतीच. उजवीकडची खंजिरी तरी जास्त येत होती, म्हणून मी त्या काकांना म्हटलं, काका, हातभर मागे सरकाल का? काका उठलेच. म्हणे चाळीस वर्षांपासून ह्या फरशीवर बसून राहिलो, तुझ्या डब्यासाठी सरकू काय! सगळे गप्प. मग आजोबा काही न बोलता स्वतःच पेटी घेऊन हातभर पुढे सरकले. काका त्यांच्या फरशीवर, आजोबा पुढे, आणि हेडफोनमध्ये ऐकतो तर नेमकं जे पाहिजे होतं तेच.

कूलर दोन भजनांपुरते बंद ठेवायचे असं ठरलं, तिसऱ्याला काकू स्वतः उठून बटण दाबतात, त्यामुळे दर गुरुवारी दोनच स्वच्छ भजनं मिळतात. आता पाऊस लागला तर कूलर बंद झाले, पण टिनावर पाऊस. मागच्या गुरुवारचं अख्खं रेकॉर्डिंग पावसाचं आहे, मागे कुठेतरी आजोबा. आईला तेच सगळ्यात आवडलं.

अनुस्वार | २९ जून, सकाळी १०:१०

काकूंचं बटण! आईला सांग ते रेकॉर्डिंग पुसू देऊ नकोस म्हणावं. एक ऐकवशील का इथे?

खर्ज | २९ जून, सकाळी १०:४८

आजोबा सरकले तेच मिक्सिंग. तुझी जोडी घ्यायची घाई नाही आता, हे पैसे चांगल्या हेडफोनमध्ये घाल. आणि ३२ जीबीची दोन मेमरी कार्डं ठेव, घरी आल्या आल्या लॅपटॉपवर उतरवून मगच झोपत जा, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय, जास्त विचारू नको.

महालातला | २९ जून, रात्री ९:०५

हो दादा. ऐकवायचं आजोबांना विचारून सांगतो. आता पुढचं विचारू का, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक रेकॉर्ड करावी म्हणतो, गर्दीतून ते ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडतात ना, ते. बाहेर वारा, ढोल, डीजे, त्यात हाच रेकॉर्डर चालेल का?

अनुस्वार | २९ जून, रात्री ९:३३

चालेल, फक्त केसाळ विंडस्क्रीन घे, स्पंजवाली वाऱ्याला पुरत नाही. गेन एकदम खाली. आणि एखाद्या ओळखीच्याच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा राहा, खाली गर्दीत नको.

साउंडवाला_भौ | २९ जून, रात्री ९:५०

मारबतीले गॅलरीत उभं राहून काय ऐकशील बे, खाली ये. विंडस्क्रीन माइकले लाव अन् तू हेल्मेट घाल.